दैनिक काढायचं तर आधी मुद्रक शोधा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कादंबरीचा नायक दांडिया बाजारात राहणारा, गायकवाडी कचेरीतला कारकून. साल 1907. वंगभंगाच्या चळवळीने तो पेटलाय, नोकरी सोडून स्वराज्याचा पुरस्कार करणारं दैनिक काढायचं त्याने ठरवलंय. तुम्हाला हवंय ते असं: भांडवल किती, यंत्र कोणतं, माणसं किती, बडोद्यातच ते काढता येईल का, आणि संपादकाला अटक होते तो प्रसंग खरा कसा वाटेल.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. 1969 साली रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा, म्हणून लागलो, पुढे एका दैनिकात आधी छपाई आणि मग वितरण सांभाळलं. ऑफसेट येईपर्यंत माझं सगळं आयुष्य शिशाच्या खिळ्यांवर गेलं. तुमच्या नायकात आणि माझ्यात बासष्ट वर्षांचं अंतर आहे, पण केस (खिळ्यांची घरं असलेली पेटी), स्टिक (हातात धरून ओळ जुळवायची पट्टी), गॅली (जुळलेला मजकूर ठेवायचं तबक), फर्मा (छपाईसाठी चौकटीत आवळलेली पानं) ही सगळी तीच. आमचं यंत्र विजेवर चालायचं, त्याचं हाताने फिरवावं लागलं असतं, एवढाच मोठा फरक. जुन्या वर्तमानपत्रांचं वाचन मात्र मी मनापासून केलंय, कारण ज्यांनी हे काम जीव धोक्यात घालून केलं त्यांच्याविषयी मला फार वाटतं.

तुम्ही विचारताय पहिला अंक कसा निघेल. पहिला अंक उत्साहावर निघतो. उसने पैसे, चार मित्र, दोन रात्रींचं जागरण, झालं. खरा प्रश्न आहे सदतिसावा अंक कसा निघेल, आणि त्याच्या शेवटच्या पानावर तळाशी मुद्रक म्हणून कोणाचं नाव असेल. ही दोन उत्तरं मिळाली की कादंबरी आपोआप उभी राहील.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण साल दहा वर्षांनी हललं तरी सगळं बदलतं. 1907 मध्ये ब्रिटिश हद्दीत छापखाना आणि वर्तमानपत्र काढायला 1867 च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावं लागे. जामीन रक्कम नव्हती. 1908 मध्ये हिंसेला चिथावणी दिली म्हणून छापखानाच जप्त करायचा कायदा आला. 1910 च्या प्रेस अ‍ॅक्टने नव्या छापखान्याकडून 500 ते 2000 रुपये जामीन मागता येऊ लागला, आणि एकदा तो जप्त झाला की पुढचा 10,000 पर्यंत. म्हणजे तीच गोष्ट 1911 मध्ये नेलीत तर तुमचा कारकून दारातच अडकतो. 1930 मध्ये नेलीत तर आणखी वेगळं. तेव्हा वटहुकूम आला, अनेकांनी जामीन भरण्यापेक्षा पत्र बंद ठेवलं, आणि काशीत 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर, आपलेच मराठी घरातले, त्यांनी 'रणभेरी' चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल करून, काढून गुपचूप वाटली. तुम्ही 1907 धरलंय ते चांगलं आहे. खिडकी अजून उघडी होती, बंद व्हायला एक-दोन वर्षंच उरली होती.

जागेचं आणि भाषेचं. बडोद्यात मराठी दैनिक 1907 मध्ये? मला नाही पटत. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' 1849 साली सुरू झालेला, तो दैनिक झाला 1904 मध्ये. 'केसरी' तर साप्ताहिकच होता. पुण्याची ही गत, मग दांडिया बाजार, रावपुरा आणि वाडी मिळून रोज विकत घेणारे मराठी वाचक किती मिळणार? गुजरातीत काढलं तर वाचक मिळतील, पण तुमच्या नायकाचं गुजराती कचेरीपुरतं असेल. शिवाय संस्थान. सयाजीराव महाराजांच्या मनात काय होतं हा वेगळा विषय, डोक्यावर रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, बसलेला होता हे विसरू नका. टपाल आणि मुंबईची रेल्वे इंग्रजांच्या हातात. अंक बडोद्यात छापलात तरी बाहेर जाणार त्यांच्याच पोत्यातून.

याचा पुरावा तुमच्या नायकाच्या गल्लीतच आहे. अरविंद घोष 1893 ते 1906 बडोद्यात होते, दांडिया बाजारातल्या खासेराव जाधवांच्या घरी राहत. आजचं अरविंद निवास ते हेच. इथे असताना त्यांनी राजकारणावर जळजळीत लिहिलं, पण ते मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये आणि नाव न घालता. संस्थानचा नोकर होता माणूस. दैनिकात हात घालायचा तेव्हा बडोदं सोडून कलकत्त्याला गेले. इथली 700 रुपयांच्या वरची नोकरी टाकून तिकडे राष्ट्रीय महाविद्यालयात 150 वर. तुमच्या कारकुनाने हा माणूस रस्त्यात जाताना पाहिलेला असणार. तो मुंबईला किंवा कलकत्त्याला गेला तर वाचकाला ते खरं वाटेल. कलकत्त्यात मराठी माणूस उपरा पडेल अशी शंका असेल तर सखाराम गणेश देउस्कर तिथे 'हितवादी' चालवत होते, बंगालीत. सुरतेच्या काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहा असा दबाव आला तेव्हा त्यांनी ते संपादकपद सोडलं. असा एक माणूस नायकाच्या ओळखीचा असू द्या.

भांडवल. 'वंदे मातरम्' हे इंग्रजी दैनिक बिपिनचंद्र पालांनी 1906 च्या ऑगस्टमध्ये सुरू केलं तेव्हा हाती होते 500 रुपये, तेही हरिदास हालदारांनी दिलेले. म्हणून 500 हा आकडा तुम्ही बिनधास्त वापरा. पण लगेच पुढे हेही घ्या की दोन-तीन महिन्यांत त्याची कंपनी करावी लागली, भाग (शेअर) विकावे लागले. 500 रुपयांत दैनिक सुरू होतं, चालत नाही.

का चालत नाही, हे मला नीट सांगायचंय. इथे छापखान्यात काम केलेला माणूसच उपयोगी पडतो.

चार पानांचं पत्र धरा. पानाला पाच कॉलम, कॉलमला नव्वद ओळी, ओळीत बावीसेक खिळे. एका पानाला दहा हजार खिळे झाले, चार पानांना चाळीस हजार. जाहिराती आणि रोज तसाच राहणारा मजकूर पानभर धरला तरी तीस हजार खिळे रोज नव्याने एकेक करून उचलायचे. माझा हात चांगला चालायचा तेव्हा तासाला हजार खिळे बसायचे. म्हणजे तीस तास नुसती जुळणी. त्यावर प्रुफांच्या दुरुस्त्या पाच तास. आणि मग ते काम जे कोणत्याही गोष्टीत येत नाही: छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा धुऊन परत आपापल्या घरात टाकायचा. त्याला आणखी आठ-दहा तास. सगळे मिळून पंचेचाळीस तासांचं काम. एका माणसाला दिव्याखाली सहा-सात तासांपेक्षा जास्त नजर लावता येत नाही. म्हणजे सात जुळारी हवेत, आणि त्यातला एक आजारी पडणार हे धरून आठ.

खिळे परत टाकण्यावर मी थांबतो कारण दैनिकाचं मर्म तिथे आहे. साप्ताहिकाला आठवड्यातले सहा दिवस मिळतात, खिळे निवांत घरी जातात. दैनिकात उद्याचे खिळे आजच्या पानात अडकलेले असतात. पहाटे फर्मा यंत्रावरून उतरला की दुपारपर्यंत तो मोकळा झालाच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी अग्रलेखाला 'र' पुरत नाही. हे अतिशयोक्ती करून सांगत नाही. आमच्याकडे निवडणुकीच्या दिवसांत काना संपला की परवाची जाहिरात फोडून काने काढायचे. म्हणून दैनिकाला दुप्पट खिळे लागतात, आणि शिसं तोलून विकलं जातं, उधारीवर सहसा मिळत नाही. तुमच्या नायकाचे 500 रुपये इथेच विरघळतील. त्यापेक्षा चालत्या छापखान्याशी रोजाने छापून घ्यायचा करार त्याने करावा. 'केसरी'वाल्यांनीसुद्धा छापखाना हप्त्यांवर घेतला होता, आणि टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या पेटीचं वजन ज्याने उचललंय त्याला ते वाक्य वेगळं ऐकू येतं.

भाषेचा आणखी एक मुद्दा इथे येतो. इंग्रजीचं काम दीडशेच्या आसपास घरांत भागतं. बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीला जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून घरं कितीतरी पट. जुळारी केससमोर उभा राहत नाही, केसच्या कोंडाळ्यात उभा राहतो. 'वंदे मातरम्' इंग्रजीत निघण्यामागे सगळ्या हिंदुस्थानाने वाचावं हे कारण होतंच. पण इंग्रजी दैनिक उभं करायला हातही कमी लागतात, हे छापखान्यातला माणूस तुम्हाला सांगेल.

आता घड्याळ. दैनिकाचा मालक गाडी असते. समजा टपालाची पोती पहाटे पाचला बंद होतात. घड्या घालणं, पत्त्यांच्या चिठ्ठ्या, गठ्ठे, स्टेशनपर्यंतची टांग्याची वाट याला एक तास. म्हणजे चारला छपाई संपली पाहिजे. चाक फिरवायला दोन गडी असलेलं सिलिंडर यंत्र तासाला सहा-सातशे छापे देईल, हजार प्रतींना दीड तास. अडीचला फर्मा चढला पाहिजे. त्याआधी प्रूफ, दुरुस्ती, लोखंडी चौकटीत पान आवळणं, तासभर. दीड वाजला. म्हणजे शेवटची तार साडेबाराच्या आत हातात हवी. आणि ही झाली फक्त पहिल्या-चौथ्या पानाची बाजू, दुसरं-तिसरं पान संध्याकाळीच छापून ठेवलेलं असतं. म्हणून अग्रलेख लिहिणाऱ्याने दिवेलागणीला मजकूर दिला नाही तर जुळारी वाट बघत बसतात आणि ते बसणं पैशांचं असतं. तुमचा नायक रात्री बारा वाजता एकटाच अग्रलेख लिहितोय असं दृश्य असेल तर ते बदला. त्या वेळी त्याच्यासमोर मुख्य जुळारी उभा असतो आणि बारा ओळी कापा म्हणतो.

एक रात्र सांगतो. पावसाळा होता. पहिलं पान आवळून, पानं मांडायच्या दगडावरून यंत्राकडे नेताना चौकटीच्या एका कोपऱ्याची पाचर सैल होती, ती सुटली. खालचा चौथा हिस्सा फरशीवर सांडला. कोणी ओरडलं नाही. आम्ही चौघे गुडघ्यांवर बसलो, दोघांनी खिळे गोळा केले, दोघांनी नव्याने जुळवायला घेतलं. अंक साडेसहाला निघाला. शहरात वाटला गेला, पण भरूच, गोधरा, डभोईचे गठ्ठे स्टेशनवर पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी न उघडता परत आले. त्या अंकातली बातमी चांगली होती. भरूचमध्ये ती कोणी वाचलीच नाही, आणि पाचर सैल ठेवणारा मी होतो. आज पन्नास वर्षांनीही पावसात मला ती फरशी दिसते. तुमच्या नायकाला पोलिसांची भीती असणारच, पण त्याच्या रोजच्या झोपेत ही भीती घाला.

पैसा परत कसा येतो ते थोडक्यात. वार्षिक वर्गणी आगाऊ घ्या, तोच खरा आधार. एजंट महिन्याने हिशेब करतो आणि दुसऱ्या महिन्याला अर्धेच देतो, हे माझ्या काळातही होतं. जाहिरात देणारे व्यापारी सरकारला भिऊन मागे हटतील, पण 1907 मध्ये स्वदेशी माल विकणारे होते, साबण, काडेपेट्या, गिरणीचं कापड, औषधं. ते येतील, कारण त्यांचा गिऱ्हाईक आणि तुमचा वाचक एकच. आणि एक विनंती. बायकोने बांगड्या काढून दिल्या आणि पत्र तरलं असं कृपा करून लिहू नका. बांगड्यांवर कागदाची एक खेप येते. दैनिक पंधरा दिवसांत ती खेप खाऊन पुन्हा तोंड उघडतं. त्या बाईला पैसे द्यायला लावण्यापेक्षा वर्गणीदारांच्या पत्त्यांची वही तिच्या हातात द्या. दैनिकात त्या वहीइतकं मोलाचं काही नसतं, आणि झडतीत पोलीस तीच आधी मागतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, अटकेचा. इथे तुम्ही संपादकाला मध्यभागी ठेवलंय. मी म्हणेन मुद्रकाला ठेवा.

1867 च्या कायद्याने अंकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव बंधनकारक होतं. संपादकाचं नव्हतं. ते बंधन आलं 1922 मध्ये. म्हणून 1907 मध्ये लेख कोणी लिहिला हे सरकारला सिद्ध करावं लागे, पण छापला कोणी हे अंकावरच लिहिलेलं असे. 'वंदे मातरम्'वर 1907 च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाचा खटला झाला, मुख्यतः 'युगांतर' या बंगाली पत्रातल्या लेखांची भाषांतरं छापल्याबद्दल. अरविंदबाबू संपादक आहेत हे सगळ्या कलकत्त्याला माहीत होतं. बिपिनचंद्र पालांना साक्षीला बोलावलं. त्यांनी साक्ष द्यायचंच नाकारलं आणि त्याबद्दल सहा महिने तुरुंगात गेले. पुरावा उभा राहिला नाही, सप्टेंबरमध्ये अरविंदबाबू सुटले. मुद्रक अपूर्वकृष्ण बोस मात्र सुटले नाहीत. त्यांना शिक्षा झाली. त्यांनी एक ओळ लिहिलेली नव्हती.

हे नाव किती जणांना ठाऊक आहे? अरविंद निवासात मी कितीतरी वेळा गेलोय, प्रत्येक वेळी मला तिथे अपूर्वकृष्ण आठवतात. 1897 च्या टिळकांवरच्या खटल्यातही 'केसरी'च्या मुद्रकाला शेजारी उभं केलं होतं. तो सुटला, पण पिंजऱ्यात उभा राहिलाच. प्रतिज्ञापत्र करायला मॅजिस्ट्रेटपुढे जाणारा हा माणूस बहुतेक वेळा पगारी असे. आपण काय सही करतोय हे त्याला पूर्ण कळत असे. तरी तो करत असे. तुमच्या नायकाला असा माणूस शोधावा लागेल आणि त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर बसून विचारावं लागेल. मला वाटतं कादंबरीतला सगळ्यात अवघड प्रसंग तोच आहे. अटक त्याच्यापुढे सोपी.

शेवट कसा करायचा याची तुम्हाला चिंता दिसते. 'वंदे मातरम्'चा शेवट बघा. 1908 च्या मे महिन्यात अरविंदबाबू अलीपूर बॉम्बकटाच्या खटल्यात पकडले गेले. पत्र चालू राहिलं, पण पैसा आटत गेला. मग चालवणाऱ्यांनी ठरवलं की उपासमारीने बंद पडण्यापेक्षा सरकारनेच बंद करावं. विजय चटर्जींनी मुद्दाम तसा लेख लिहिला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने छापखान्यावर घाला घातला. लोकांना दिसलं ते जप्त झालेलं पत्र. आतल्या माणसांना ठाऊक होतं की कागदवाल्याची उधारी चढली होती. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही लिहायची हिंमत तुम्ही करावी असं मला फार वाटतं.

झडतीच्या दृश्यासाठी थोडे तपशील देतो. जुळणीला येणारा मजकूर अखंड राहत नाही. मुख्य जुळारी तो कात्रीने कापून, निळ्या पेन्सिलीने आकडे घालून सात जणांत वाटतो, म्हणजे एकाच वेळी सगळे लागतात. त्यामुळे जळजळीत लेखसुद्धा एका जुळाऱ्याच्या हाती दहा-बारा ओळींचाच येतो, मधूनच सुरू झालेला. छपाईनंतर त्या चिठ्ठ्या तारेला अडकवून ठेवतात, चूक कोणाची ते पाहायला. हस्ताक्षर ओळखायला पोलिसांना हव्या असतात त्या या चिठ्ठ्या. तेव्हा कुलूप लावणं, पळापळ हे सगळं बाजूला ठेवा आणि पहाटे तीन वाजता ती तार कोण रिकामी करतो ते दाखवा. शाई धुवायला रॉकेल छापखान्यात असतंच.

आणि तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात एक दुरुस्ती. जुळारी स्टिकमधली ओळ 'आरशातल्यासारखी उजवीकडून डावीकडे वाचतो' असं लिहिलंय. तसं नाही. खिळे स्टिकमध्ये उलटे, डोकं खाली करून बसवतात आणि ओळ डावीकडून उजवीकडेच वाचतात, फक्त अक्षरं पालथी असतात. स्टिक डाव्या हातात, डावा अंगठा शेवटच्या खिळ्यावर दाबून धरलेला, तो उठला की ओळ पडते. वर्षानुवर्षं तसं धरून अंगठ्याच्या आतल्या बाजूला काळा घट्टा पडतो, साबणाने जात नाही. मॅजिस्ट्रेटपुढे तुमचा मुद्रक सही करेल तेव्हा कागद त्याच अंगठ्याने धरेल.